आगीच्या वेळी आजीला कोण बाहेर काढणार?
(शेतकरी मेळाव्यात दिलेले भाषण)

मी कृषिविद्या शिकवतो, तेव्हा मी कडब्याबद्दल बोलेन असे आपणास वाटले असेल. सुरुवात कडब्यापासूनच करतो.

मी शाळेत असताना एका चैत्रात आमच्या वस्तीवर कडब्याची गंजी पेटली. गंजी घराला लागूनच होती. कोणी बैलांची दावी कापली, कोणी मोटार चालू करायला विहिरीकडे पळाले. आजी आतल्या खोलीत होती. आईला वाटले, वडिलांनी तिला आणले. वडिलांना वाटले, चुलत्यांनी आणले. धूर आढ्यापासून खाली उतरू लागला तेव्हा कोणीतरी विचारले, "म्हातारी कुठंय?" चुलत्यांनी तिला अंथरुणासकट ओढत बाहेर आणले. आजी वाचली, पण घरात सात माणसे असून हे काम कोणाचे ते ठरलेले नव्हते.

म्हणून आज रात्री जेवतानाच ठरवा. आजी-आजोबांना कोण बाहेर काढील, आणि तो शेतावर असेल तर दुसरे कोण? दुपारी बहुधा सूनच एकटी घरी असते. तिला उचलणे जमणार नाही. म्हाताऱ्या माणसाला गोधडीवर घ्यावे, डोक्याकडची दोन टोके धरावीत आणि ओढत न्यावे. धूर वर चढतो, जमिनीलगत श्वास घेण्याजोगी हवा असते, म्हणून आपणही वाकूनच चालावे. हे एकदा प्रत्यक्ष करून पाहा. आजी हसतील, हसू द्या!

त्यांची खाट दाराजवळ ठेवा. दाराला आतून कडी नको. काठी, चष्मा व बॅटरी उशाशी असावी. बाहेर एक झाड ठरवा, तेथे त्यांना बसवा आणि कोणीतरी जवळ थांबा. कागदपत्रांच्या पेटीसाठी म्हातारी माणसे परत आत वळतात.

स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, तो जमिनीलगत साचतो. वास आल्यास विजेचे कोणतेही बटण चालू किंवा बंद करू नका. रेग्युलेटर बंद करा, दारे-खिडक्या उघडा, सर्वांना बाहेर न्या आणि तेथून १९०६ वर कळवा. लुगडे पेटले तर आजींना आडवे करून जाड घोंगडीत गुंडाळा. भाजल्या जागी २० मिनिटे साधे वाहते पाणी सोडा. शाई, तूप, टूथपेस्ट काही लावू नका.

आता गंजी. ती घरापासून व विजेच्या तारांपासून दूर रचा. गवत २० टक्क्यांहून अधिक ओलावा असताना रचले तर गंजी आतून तापते, क्वचित आपोआप पेटतेही. लोखंडी गज खुपसून ठेवा, थोड्या वेळाने काढून पाहा. गजाचा चटका बसला तर पाणी तयार ठेवल्याशिवाय गंजी उकलू नका. आत हवा शिरताच भडका उडतो.

आग लागल्यास १०१ किंवा ११२ वर कळवा. अग्निशामक गाडी तालुक्याहून येणार, तिला वस्तीची वाट ठाऊक नसते. एका मुलाला बॅटरी देऊन फाट्यावर उभे करा.