राज्यपालांचे मौन आणि मराठवाड्याचा हक्क

(अर्धापूर येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासशिबिरात दिलेल्या व्याख्यानाचा सारांश)



भ्रष्टाचार म्हटला की पैशांची थैली डोळ्यांपुढे येते. परंतु सार्वजनिक अधिकारपद एखाद्या पक्षाच्या सोयीसाठी राबविणे हाही भ्रष्टाचारच होय. त्याची पावती मात्र कोठे फाटत नाही. महाराष्ट्राच्या राजभवनात २०१९ ते २०२३ या काळात जे घडले, ते या दृष्टीने तपासले पाहिजे.

राज्यपाल लोकांनी निवडावा की केंद्राने नेमावा, याचा घटनासमितीत पुष्कळ खल झाला. १९४९ मध्ये नेमणुकीचा मार्ग पत्करला गेला तो मुख्यमंत्र्याला प्रतिस्पर्धी सत्ताकेंद्र उभे राहू नये म्हणून. राज्यपाल मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालेल, हे त्यात गृहीत होते. तेच गृहीत पुढे ढासळले.

२३ नोव्हेंबर २०१९ रोजी पहाटे ५ वाजून ४७ मिनिटांनी राष्ट्रपती राजवट उठली आणि आठच्या सुमारास राज्यपाल भगतसिंह कोश्यारी यांनी देवेंद्र फडणवीस व अजित पवार यांचा शपथविधी उरकला. सर्वोच्च न्यायालयाने बहुमत चाचणीचा आदेश देताच २६ तारखेला ते सरकार पायउतार झाले. जून २०२२ मध्ये याच राज्यपालांनी उद्धव ठाकरे सरकारला बहुमत सिद्ध करण्यास फर्मावले. त्यास पुरेसा वस्तुनिष्ठ आधार नव्हता, असा निर्वाळा घटनापीठाने ११ मे २०२३ रोजी दिला. तथापि ठाकरे यांनी आधीच राजीनामा दिल्याने त्यांचे सरकार परत आणता आले नाही. कृती असमर्थनीय, फळ मात्र अबाधित!

कृतीइतकीच निष्क्रियताही बोलकी असते. विधान परिषदेच्या १२ जागांसाठी मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०२० मध्ये नावे पाठविली. निर्णय वाजवी मुदतीत घेणे हे राज्यपालांचे कर्तव्य आहे, असे मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये सांगितले. तरीही निर्णय झाला नाही. २०२२ मध्ये नव्या सरकारने ती यादीच परत घेतली.

याचा अर्धापूरशी काय संबंध, असे कोणी विचारील. इथल्या केळीला इसापूर धरणाचे पाणी लागते, आणि सिंचनाचा पैसा कोणत्या विभागाला किती, याच्या समन्यायी वाटपाची विशेष जबाबदारी घटनेच्या ३७१(२) कलमान्वये राज्यपालांवर सोपविता येते. १९८४ मध्ये दांडेकर समितीने राज्याचा अनुशेष सुमारे ३,१८६ कोटी रुपये काढला. त्यात मराठवाड्याचा वाटा सुमारे ७५० कोटींचा होता. गोविंदभाई श्रॉफ यांच्यासारख्यांनी हा प्रश्न लावून धरला, तेव्हा कोठे १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळे अस्तित्वात आली. त्यांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली.

येथे दुसऱ्या बाजूचाही दोष सांगितला पाहिजे. राज्यपालांनी १२ आमदार नेमले की मंडळांची घोषणा करू, असे मार्च २०२१ मध्ये उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी विधिमंडळात सांगितले. म्हणजे राजभवनाने नावे अडवायची आणि मंत्रालयाने मंडळे! दोघांच्या भांडणात ओलीस राहिला तो मराठवाड्याचा शेतकरी. पक्षोपक्षांच्या हिशेबात मागास विभागाचा हक्क हे देवघेवीचे नाणे ठरते, हाच अधिकाराच्या गैरवापराचा खरा अर्थ.

न्यायालयावर भिस्त ठेवूनही भागणार नाही. तामिळनाडूच्या खटल्यात एप्रिल २०२५ मध्ये राज्यपालांना विधेयकांबाबत कालमर्यादा घालून दिली गेली. नोव्हेंबरमध्ये घटनापीठाने अशी मर्यादा न्यायालयाला घालता येत नाही, असे मत दिले. तेव्हा ती घटनेतच घालावी लागेल, आणि त्यासाठी लोकमत घडवावे लागेल.

राज्यपालांनी प्रत्येक विवेकाधीन निर्णयाची कारणे प्रसिद्ध करावीत. मंत्रिमंडळाच्या शिफारशीवर ठराविक मुदतीत निर्णय द्यावा. विकास मंडळांचे अस्तित्व कोणाच्याही मर्जीवर ठेवू नये. या तीन मागण्या गावोगावच्या ग्रामसभांतून ठरावाच्या रूपाने पुढे आल्या पाहिजेत. राज्यपालांचे निवासस्थान मुंबईच्या मलबार टेकडीवर असले, तरी त्याच्या मौनाची किंमत अर्धापूरच्या शिवारात मोजली जाते, हे कार्यकर्त्यांनी लोकांना समजावून सांगितले तर पुष्कळ काम होईल.