पहिली ओंजळ
(वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंत. भाषणाची सवय नाही, म्हणून चुकले तर सांभाळून घ्यावे. परवा शेजारच्या वहिनींनी मला विचारले, "तुमच्या देवळात मिळकतीचा दहावा हिस्सा द्यावाच लागतो का हो?" हा प्रश्न आणखीही कोणाच्या मनात असेल, म्हणून आज त्यावरच चार शब्द बोलते.

दशमांशाची चाल जुन्या करारातली. इस्राएल लोक धान्याचा, द्राक्षारसाचा, तेलाचा दहावा भाग काढून ठेवीत. लेवी लोकांना जमिनीचे वतन नव्हते, त्यांचा निर्वाह त्यावर होई. दर तिसऱ्या वर्षी त्यातून परका, पोरका आणि विधवा यांचेही पोट भरे. नव्या करारात मात्र पौलाने असे ठरीव माप घातले नाही. यरुशलेमेतल्या गोरगरिबांसाठी मदत गोळा करताना त्याने करिंथच्या मंडळीला सांगितले, की दर आठवड्याच्या पहिल्या दिवशी ज्याने त्याने आपल्या कमाईप्रमाणे काही बाजूला काढावे. कुरकुरत देऊ नये, भिडेने देऊ नये. म्हणून आमच्यात कोणी दशमांश देतात, कोणी जमेल तसे.

हा पैसा जातो कोठे? पाळकसाहेबांचा पगार, विजेचे बिल, छपराची डागडुजी आणि अडल्यानडल्याला मदत. पूर्वी पुष्कळ ठिकाणी मिशनकडून पैसा येई. आता मंडळीचा संसार मंडळीनेच चालवायचा. हंगामाच्या सणाला ज्वारीची कणसे, भोपळे, अंडी, घरचे लोणचे असे सारे देवळात येते आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो. एकेका भोपळ्याची बोली अशी चढते, की बाजारात सांगितले तर कोणी खरे मानणार नाही!

आता माझी गोष्ट सांगते. काही वर्षांपूर्वी ह्यांचे काम सुटले. त्या वेळी आमच्या देवळात दर महिन्याला वर्गणीची नावे रकमेसह वाचीत. पाचशे, हजार अशा आकड्यांत माझे वीस रुपये वाचले गेले आणि माझी मान खाली गेली. पुढच्या महिन्यात वाण्याची उधारी तशीच ठेवून मी दोनशे रुपये दिले. नाव वाचले, फार बरे वाटले. पण घरी आले तो सासूबाईंचे औषध संपलेले, आणि डब्यात पैसा नाही. सासूबाई रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "हे देवाला दिलेस, की बाकावरच्या बायांना?"

त्या रात्री मला झोप आली नाही. येशूने विधवेची दोन नाणी मोठी मानली, ती मला पाठ होती. पण आईबापांना द्यायचे ते देवाला वाहिले असे म्हणून मोकळे होणाऱ्यांना त्यानेच दोष दिला, हे मी सोयीने विसरले होते. विधवेने आपले होते ते दिले, आणि कोणाला दाखवण्यासाठी दिले नाही. मी वाण्याचे आणि सासूबाईंचे दिले, आणि तेही नाव वाचले जावे म्हणून.

पुढे आमच्या पाळकीणबाईंनी मिझोरामची हकिगत सांगितली. तिकडच्या ख्रिस्ती बायांनी 1910 साली एक रीत पाडली. भात शिजत घालताना मूठभर तांदूळ आधी बाजूला ठेवायचा. तो गोळा करून विकतात व पैसा मंडळीच्या कामी लावतात. शंभरावर वर्षे झाली, रीत चालूच आहे. तेव्हापासून मीही दळण काढताना आधी एक ओंजळ ज्वारी वेगळ्या डब्यात टाकते. पहिली ओंजळ सासूबाईंनी आपल्या हाताने घातली.

मग धीर करून मी पंचांना विनंती केली, की रकमा वाचू नका, जमाखर्च मात्र पैन् पैचा भिंतीवर लावा. वर्षभर वाद झाला. काहींनी बोलणे टाकले. आज नावे वाचीत नाहीत आणि हिशेब दर महिन्याला लागतो. लिलावात मात्र नावे अजून गाजतात!

भगिनींनो, उरलेसुरले देऊ नये, तसे दुसऱ्याचे घेऊनही देऊ नये. आपले असेल त्यातून आधी काढावे, गुपचूप द्यावे, आणि दिलेल्याचा हिशेब उघडपणे मागावा. आपल्या मंडळाच्या वर्गणीलाही हे लागू आहे, असे मला वाटते.