घोंगडीवरची बाई

(अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



मी आज रोमानियाबद्दल बोलणार म्हटल्यावर मागच्या रांगेतून कुणीतरी हळूच म्हणालं, "एवढ्या लांब कशाला?" ते मी ऐकलं. गेल्या बैठकीत आपण अंगात येणाऱ्या बायकांविषयी बोलत होतो आणि आपल्यात सरळ दोन तट पडले होते. काही जणी म्हणाल्या, हे ढोंग तरी असतं नाहीतर आजार, डॉक्टरकडे न्या. बाकीच्या म्हणाल्या, त्या बाईला बोलायला दुसरी जागाच नसते. घरी गेल्यावर मला गेल क्लिगमन या अमेरिकन संशोधक बाईंचं १९८१ साली निघालेलं पुस्तक आठवलं. त्याचा विषय रोमानियातला 'कलूश' हा विधी. आपला वाद तिथे दुसऱ्या बाजूने दिसतो, म्हणून एवढ्या लांब.

रोमानियाच्या दक्षिणेला, डॅन्यूब नदीच्या उत्तरेकडे ओल्तेनिया आणि मुंतेनिया हे सपाट शेतीचे प्रदेश आहेत. तिथे ईस्टरनंतर पन्नासाव्या दिवशी रुसाली नावाचा सण येतो. या दिवसांत गावातल्या पुरुषांचे संघ घरोघर अंगणात जाऊन नाचतात. सात, नऊ, अकरा असे विषम संख्येने. पायांत घुंगरं, हातात काठ्या, बरोबर फिडल वाजवणारे, बहुधा रोमा समाजाचे वादक. उंच काठीच्या झेंड्याला लसूण आणि एक कडू झुडूप बांधलेलं. हे झुडूप आपल्या दवण्याच्या कुळातलं. नाचणाऱ्यांना कलुशार म्हणतात. यांच्याकडे नुसते नर्तक म्हणून पाहिलं जात नसे, ते वैद्यही होते. एका ठरावीक आजारावर ना डॉक्टर चालत असे ना पाद्री, फक्त कलुशार चालत.

आता आजार कसला? रुसाली हे सणाचं नाव तसंच काही स्त्रीरूपी शक्तींचंही नाव. सुंदर, रात्री हवेत नाचणाऱ्या, जिथे नाचतील तिथलं गवत जाळणाऱ्या. त्यांचं नाव घ्यायचं नाही. त्यांना म्हणायचं 'येले', म्हणजे मराठीत चक्क 'त्या'. किंवा गोड बोलून 'सुंदरी', 'पवित्र बाया'. नाव न घेण्यातली भीती आणि आदर आपल्याला काही नवा नाही. आपण आयुष्यभर नवऱ्याला 'हे' म्हणत आलो.

'त्या' कुणाला धरतात? त्यांच्या दिवसांत काम करणाऱ्याला. रुसालीच्या दिवसांत आणि त्याआधीच्या काही ठरावीक वारी धुणं धुवायचं नाही, शिवायचं नाही, सूत कातायचं नाही, शेतात जायचं नाही. जो मोडेल त्याला 'कलूश धरतो'. हातपाय लुळे पडतात, तोंड वाकडं होतं, वाचा जाते, रडू थांबत नाही, कधी नुसतं पडून राहणं. पुरुषही आजारी पडत, मुलंही पडत, हे मी लपवत नाही. पण बंदी असलेल्या कामांची यादी पुन्हा ऐका: धुणं, शिवण, कातणं. ही कामं कुणाची? नागपंचमीला चिरू नका, कापू नका, तवा ठेवू नका, हे ऐकत वाढलेल्या आपल्याला या यादीचं व्याकरण लगेच कळतं. सुट्टीचा दिवस बाईला मिळतो खरा, पण भीतीच्या रूपाने. आणि सुट्टी म्हणून कामं थांबत नाहीत. पोराचं दुपटं ओलं झालं तर ते धुवायचं कुणी? धुतलं तर 'त्या' धरणार, न धुतलं तर सासू.

उपचाराचं वर्णन थोडं सविस्तर सांगते, कारण सगळा मुद्दा त्यात आहे. आजारी बाईला घोंगडीवर घालून मोकळ्या जागेत आणतात. वादक एकामागून एक चाली वाजवतात. एखाद्या चालीला तिचा हात हलतो, पापणी लवते. म्हणजे याच चालीवर तिला धरलं होतं. इथे निदान तिच्या शरीराने करायचं, बाकीच्यांनी फक्त वाट पाहायची. मग कलुशार तिच्याभोवती रिंगण धरतात, तिच्यावरून उड्या मारतात. शेजारी नवं मातीचं मडकं, त्यात पाणी, लसूण आणि तो कडू पाला. जवळ एक कोंबडी. नाच टिपेला पोचला की म्होरक्या, त्याला वताफ म्हणतात, मडकं फोडतो. पाणी उडतं, आणि त्याच क्षणी बाई उठते आणि एक नर्तक कोसळतो. तिचा आजार त्याने घेतला. कोंबडीही मरते. पडलेल्याला मग बाकीचे नाचूनच शुद्धीवर आणतात. एका दिवसात गुण आला नाही तर पुन्हा, तीन दिवसांपर्यंत.

हे वाचून मी बराच वेळ थांबले होते. धुणं धुताना पडलेल्या बाईसाठी गावातले धडधाकट पुरुष घाम गाळतात, तिच्या घरचे खर्च करतात, सगळं गाव कामधाम सोडून भोवती उभं राहतं, आणि शेवटी एक पुरुष तिच्या जागी जमिनीवर पडतो. एरवीच्या दिवशी तिचं डोकं दुखतं म्हणून कुणी उठून पाणी तरी दिलं असेल का?

पण मी हुरळून जाणार नाही. तुम्हीही जाऊ नका. या संघात बाई नसते. कलुशार झेंड्यापुढे शपथ घेतात, म्होरक्याची आज्ञा पाळायची, गुपित फोडायचं नाही आणि ते दिवस बाईपासून दूर राहायचं. म्हणजे बाईला बरं करण्याची ताकद बाईचा विटाळ टाळून मिळते. वर त्यांच्यात एक 'मुका' असतो. मुखवटा घातलेला, अजिबात न बोलणारा, हातात तलवार आणि लाकडी लिंग. तो प्रेक्षकांतल्या बायकांच्या मागे लागतो आणि सगळे हसतात. मधल्या सोंगांत बायकोचं कामही पुरुषच करतो. कलूश या शब्दाचा संबंध बहुतेक जण घोड्याशी लावतात. त्याच शब्दाचा आणखी एक अर्थ तोंडात कोंबायचा बोळा. मला हा दुसरा अर्थ विसरता येत नाही, पण त्यावर सिद्धान्त उभारणार नाही.

बायकांना या विधीतून जे मिळे ते त्या चलाखीने काढून घेत. अंगणाच्या मधोमध मीठ, गहू, लोकर, लसूण ठेवायचं. त्याभोवती नाच झाला की त्यात गुण येतो. नंतर वर्षभर घरात आणि गोठ्यात औषध म्हणून वापरायचं. झेंड्याचा लसूण मागून घ्यायचा. शेवटच्या फेरात तान्ही मुलं कलुशारांच्या हातात द्यायची आणि स्वतः हात धरून नाचायचं. अशा कसरती कुणाला सांगाव्या लागत नाहीत.

आणखी एक जुनी नोंद. दिमित्रिए कान्तेमिर हा मोल्दाव्हियाचा राजा. त्याने अठराव्या शतकाच्या सुरुवातीला लिहून ठेवलंय की त्याच्या प्रदेशातले कलुशार बायकांचे कपडे घालत, तोंडावर पांढरा कपडा घेत आणि बायकांच्या आवाजात बोलत. म्हणजे 'त्यां'च्याशी लढायचं तर 'त्यां'च्यासारखंच व्हावं लागे, असं मला वाटतं. बाई होण्याची ताकद पुरुषाला दहा दिवस उसनी मिळे. बाईला पुरुष होण्याची सोय मात्र नव्हती.

आता पुढचा भाग, ज्याच्यासाठी मी खरं तर हा विषय घेतला. कम्युनिस्ट राजवटीला कलूशचा नाच हवा होता, उपचार नको होता. उपचार म्हणजे अंधश्रद्धा, नाच म्हणजे राष्ट्राचा वारसा. १९६९ पासून ओल्त भागात कलूशचे महोत्सव भरू लागले. १९७६ पासून 'रोमानियाचं गीत' नावाचा देशव्यापी महोत्सव सुरू झाला. रंगमंचावर उड्या उंच झाल्या, रांगा सरळ झाल्या, पोशाख चकचकीत झाले. घोंगडी मात्र रंगमंचावर आली नाही.

त्याच काळात बाईच्या शरीराचं काय चाललं होतं? १९६६ साली चाउशेस्कूच्या सरकारने ७७० क्रमांकाचा हुकूम काढून गर्भपातावर बंदी घातली. मोजके अपवाद सोडले तर चार मुलं झाल्याशिवाय किंवा पंचेचाळिशी उलटल्याशिवाय परवानगी नाही. १९६६ मध्ये सुमारे २ लाख ७४ हजार जन्म झाले होते, १९६७ मध्ये ते ५ लाख २८ हजारांवर गेले. ऐंशीच्या दशकात कारखान्यांत कामगार बायकांची स्त्रीरोग तपासणी होऊ लागली, कुणी गरोदर आहे का ते पाहायला. चोरून केलेल्या गर्भपातांत मेलेल्या बायकांचा अंदाज सुमारे दहा हजारांचा आहे. राजवट कोसळल्यावर नव्या सरकारने अगदी पहिल्या निर्णयांत, २६ डिसेंबर १९८९ रोजी, ही बंदी उठवली. यावरचं १९९८ सालचं महत्त्वाचं पुस्तकही क्लिगमनबाईंचंच आहे. कलूशवर लिहिणारीच बाई पुढे या हुकुमावर लिहिते, याचं मला आश्चर्य वाटत नाही. एकदा घोंगडीवरची बाई दिसली की ती पुढेही दिसत राहते.

गावातली अंधश्रद्धा विज्ञानाच्या नावाने पुसणारं सरकार त्याच बायकांच्या गर्भाशयावर पहारा बसवत होतं. 'डॉक्टरकडे न्या' म्हणणाऱ्या मैत्रिणींना माझं एवढंच विचारणं आहे की कुठल्या डॉक्टरकडे, आणि तो कुणाला बांधलेला आहे? ज्या म्हणतात तिला तिची जागा राहू द्या, त्यांना विचारायचंय की उठून ती कुठे जाते. मडकं फुटलं, बाई उठली, आणि संध्याकाळी त्याच घरात, त्याच धुण्याकडे परतली. तिच्या सासूला, नवऱ्याला कुणीही काही विचारलं नाही. दोष 'त्यां'चा होता ना!

कलूशला २००५ साली युनेस्कोने मानवजातीच्या वारशातली श्रेष्ठ कृती म्हणून गौरवलं आणि २००८ मध्ये यादीत घेतलं. मी चित्रफीत पाहिली. पुरुष अप्रतिम नाचतात, यात शंका नाही. मी मात्र जमिनीवर पाहत होते.

पूर्व सर्बियात दुबोका नावाचं गाव आहे, तिथले लोक रोमानियन बोलीच बोलतात. तिथे याच सणाला बायका बेशुद्ध होऊन पडत, अशा नोंदी आहेत. त्यांना शुद्धीवर आणणाऱ्यांत पुरुषांबरोबर 'राण्या' म्हणवणाऱ्या बायकाही असत. पडलेलीभोवती त्या फेर धरत आणि लसूण व तोच कडू पाला चावून त्याचं पाणी तिच्या तोंडावर शिंपडत. पडणारीही बाई, उठवणारीही बाई. शुद्धीवर आल्यावर त्या एकमेकींशी काय बोलत असतील, ते मात्र कुणी लिहून ठेवलेलं मला सापडलं नाही.

चहा आलाय. प्रश्न असतील तर चहा घेतानाच बोलू.