लॉनचा रब्बी हंगाम

(न्यू जर्सीतील मराठी रहिवाशांसाठीच्या शरद ऋतूतील व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



गणपती झाले, नवरात्र तोंडावर आहे. न्यू जर्सीत ज्यांच्या घरापुढे लॉन आहे त्यांच्यासाठी वर्षातले सर्वांत मोलाचे दिवस हेच. आपल्यातले बहुतेक जण लॉनकडे वळतात ते एप्रिलमध्ये. बर्फ वितळतो, दुकानांच्या दारात खताच्या पोत्यांची थप्पी लागते आणि आपणही एक पोतं गाडीत टाकून आणतो. इथल्या गवताचं वर्ष मात्र वसंतात नाही, आत्ता सुरू होतं. आज मला तुम्हाला हेच पटवायचं आहे.

पाऊस पडला की पेरायचं, हा खरिपाचा हिशेब आपल्या मनात पक्का असतो. इथे रब्बीचा लावा. सोलापूरकडे मालदांडी ज्वारी सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरतात. तेव्हा पावसाची ओल काळ्या रानात मुरलेली असते, ऊन उतरणीला लागतं आणि पुढच्या थंडीत पीक त्या ओलीवर वाढतं. जर्सीतल्या लॉनचं गणितही याच चालीचं आहे. उन्हाळ्याने माती तापवून ठेवलेली आहे, त्यामुळे बी लवकर उगवतं. हवा थंडावते, म्हणून कोवळं रोप करपत नाही. शिवाय क्रॅबग्राससारखं उन्हाळी तण पहिल्या कडक दहिवरात आपसूक मरतं. वसंतात पेरलं तर हेच रोप जुलैच्या उन्हात अर्धवट मुळांनिशी सापडतं आणि क्रॅबग्रास त्याच्या डोक्यावर बसतं.

पुण्या-मुंबईच्या लॉनचा अनुभव इथे लागू पडत नाही, याचं कारण गवताच्या जातीत आहे. आपली हराळी उष्ण हवेची. तीच इथे बर्म्युडा ग्रास म्हणून ओळखतात, आणि थंडी पडताच ती तपकिरी होऊन झोपते. जर्सीतल्या घरगुती लॉनमध्ये असतात केंटकी ब्लूग्रास, टॉल फेस्क्यू आणि पेरेनियल रायग्रास. ही थंड हवेची गवतं. मातीचं तापमान साधारण 50 ते 65 अंश फॅरनहाइट असताना त्यांची मुळं सर्वांत जोमाने वाढतात. ऑक्टोबरात पात्यांची वाढ मंदावलेली दिसते, पण पाती ऊन खातच असतात. तयार झालेली साखर पात्यांवर खर्च न होता बुडख्यात साठते, म्हणजे जिथून पान वर आणि मूळ खाली निघतं तिथे. बुडख्यातलं पाणी कमी होतं, साखर वाढते आणि त्यामुळे पेशी गोठायला जास्त थंडी लागते. हिवाळा सोसण्याची ताकद ती हीच. आपली सगळी कामं या साठ्याच्या सेवेत हवीत.

आधी मातीकडे बघू. मध्य जर्सीत बऱ्याच ठिकाणी चिकण माती आहे. नव्या वसाहतींत तर बांधकामाच्या वेळी वरची सुपीक माती खरवडून नेलेली असते आणि खालची यंत्रांच्या चाकांनी दाबून टाकलेली असते. अशा जमिनीत मूळ दोन इंच जाऊन थांबतं. म्हणून एरेटर भाड्याने आणा, पण टोकदार खिळे रोवणारा नको. मातीच्या दोन-तीन इंची गुळ्या उपसून बाहेर टाकणाराच हवा. खिळा माती बाजूला दाबतो, म्हणजे रोग तसाच राहतो. आदल्या दिवशी पाणी द्या आणि स्प्रिंकलरच्या तोट्यांजवळ झेंडे लावा. उपसलेल्या गुळ्या उचलू नका, पावसाने त्या विरघळतात.

याच वेळी माती तपासायला पाठवा. दहा-बारा ठिकाणांहून चार-सहा इंच खोलीची माती घेऊन एकत्र करायची आणि न्यू ब्रन्सविकला रटगर्स विद्यापीठाच्या प्रयोगशाळेकडे पाठवायची. जर्सीची माती बहुधा आम्लधर्मी असते, पण म्हणून दरवर्षी डोळे मिटून चुना टाकणं बरोबर नाही. अहवाल सांगेल तेवढाच टाका, आणि आत्ताच टाका. त्याचा परिणाम व्हायला महिने लागतात.

बियाण्याबद्दल थोडं सविस्तर बोलतो, कारण या राज्याचं त्यात मोठं काम आहे. रटगर्सच्या रीड फंक यांनी न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये टिकून राहिलेल्या रायग्रासपासून ‘मॅनहॅटन’ हा वाण तयार केला. तो 1967 मध्ये बाजारात आला आणि लॉनसाठी रायग्रास वापरण्याची तऱ्हाच बदलली. पुढे रटगर्समध्येच गवताच्या आत राहणाऱ्या एका उपयोगी बुरशीवरही काम झालं. एंडोफाइट म्हणतात तिला. काही कीटकांना ती गवतापासून दूर ठेवते. मात्र उष्णतेत साठवलेल्या बियाण्यात ती मरते. उन्हाळाभर गॅरेजमध्ये तापलेली जुनी पिशवी उगवेलही, पण तिचा हा गुण गेलेला असेल. पिशवीवरचं लेबल औषधाच्या बाटलीवरचं वाचाल तितक्या काळजीने वाचा. स्वस्त मिश्रणात अ‍ॅन्युअल रायग्रास भरलेलं असतं. ते आठवड्यात हिरवं दिसतं आणि वर्षभरात संपतं. रायग्रास पाच-सात दिवसांत उगवतं, फेस्क्यूला एक-दोन आठवडे लागतात, ब्लूग्रासला तीन-चारही. धीर धरा आणि तोवर वरचा अर्धा इंच थर ओला ठेवा, दिवसातून दोनदा, थोडं थोडं. उत्तर आणि मध्य जर्सीत सप्टेंबर संपायच्या आत बी जमिनीत हवं.

गवत ओढल्यावर मुळांशिवाय हातात आलं, तर खाली पांढऱ्या अळ्या आहेत का पाहा. ती जपानी भुंगेऱ्याची संतती असू शकते. अमेरिकेत तो पहिल्यांदा सापडला तोही आपल्याच राज्यात, 1916 मध्ये, रिव्हरटनला. चौरस फुटात दोन-चार अळ्या असतील तर निरोगी लॉन ते सोसतं. तेवढ्यासाठी सगळ्या अंगणावर विष ओतू नका.

आता खताबद्दल, आणि इथे माझा आग्रह जास्त आहे. शरदातलं नत्र गवताला खरोखर लाभतं, पण माफक आणि वेळेवर. जास्त दिलं तर पाती लुसलुशीत वाढतात, साठवलेली साखर खर्च होते आणि पाण्याने भरलेल्या पेशी गोठून फुटतात. फार उशिरा दिलं तर थंड मातीतली मुळं ते उचलत नाहीत. नत्र पावसाबरोबर गटारात, ओढ्यात आणि शेवटी खाडीत जातं. बार्नेगॅट बेमध्ये शेवाळ माजलं, पाण्याखालच्या समुद्री गवताचा उजेड हिरावला गेला, त्यामागे आपल्या अंगणांतल्या खताचाही हात होता. म्हणून 2011 मध्ये न्यू जर्सीने कायदा केला: घरमालकांना 15 नोव्हेंबर ते 1 मार्च लॉनला खत टाकता येत नाही. माती तपासणीत कमतरता दिसल्याशिवाय किंवा नवं लॉन लावत असल्याशिवाय स्फुरदही टाकता येत नाही. शेजाऱ्याच्या अंगणापेक्षा आपलं हिरवं दिसावं म्हणून कुणाची खाडी मारायचा अधिकार आपल्याला नाही. आणि कापलेलं गवत पिशवीत भरून फेकण्याऐवजी लॉनवरच पडू दिलंत, तर वर्षाच्या नत्राचा सुमारे पाव हिस्सा फुकट परत मिळतो.

दिवाळीच्या आसपास मेपल आणि ओक पानं गाळतात. ओल्या पानांचा थर आठवडाभर राहिला तर खालचं गवत गुदमरतं, हे खरं. पण पानं रस्त्याच्या कडेला ढकलायची गरज नाही. कोरडी असताना त्यांच्यावरून मोअर फिरवा. चुरा पात्यांच्या फटीत उतरतो, गांडुळं तो खाली ओढून नेतात. मिशिगन स्टेट विद्यापीठातल्या प्रयोगांत तर असा चुरा मुरवलेल्या लॉनमध्ये डँडेलायनही कमी झाले. जास्तीची पानं झुडपांखाली आणि झाडांच्या बुंध्याशी अख्खी राहू द्या. लूना मॉथसारखे पतंग पाचोळ्यातच कोषात हिवाळा काढतात.

कापणी गवत वाढतंय तोवर चालू ठेवा, तीन इंच उंचीवर. शेवटच्या एक-दोन वेळा अडीच इंचांपर्यंत खाली या, त्याहून नाही. उंच गवत बर्फाखाली आडवं पडून कुजतं, स्नो मोल्डची बुरशी तिथेच धरते. फार खुडलं तर बुडखा उघडा पडतो. स्प्रिंकलरच्या नळ्यांतलं पाणी जमीन गोठण्याआधी हवेच्या दाबाने काढून घ्या. पुढे ड्राइव्हवेवरचा मिठाचा बर्फ लॉनच्या कडेला एकाच जागी रचू नका, आणि दहिवराने कडक झालेल्या गवतावरून मुलांना पळू देऊ नका. गोठलेली पाती तुडवली की पेशी फुटतात आणि पावलांचे ठसे तपकिरी होऊन बरेच दिवस राहतात.

ज्यांच्या अंगणात मोठ्या झाडांची दाट सावली आहे त्यांनी तिथे फाइन फेस्क्यू पेरून पाहावं. तेही धरलं नाही, तर तो तुकडा नेचे आणि स्थानिक झुडपांना देऊन टाकावा. सावलीत ब्लूग्रास दरवर्षी पेरत राहणं म्हणजे बियाणं आणि पाणी वाया घालवणं आहे. माती तपासणीची माहिती आपापल्या काउंटीच्या एक्स्टेन्शन कार्यालयात मिळेल. आता प्रश्न घेऊ या. आपापली जागा उन्हात आहे की सावलीत आणि माती चिकण आहे की वाळूची, एवढं आधी सांगा, म्हणजे उत्तर नेमकं देता येईल.