सफरचंद, सालीसकट

(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या सत्रातील भाषण)



"आरोग्यावर पंधरा मिनिटं बोल," असा आयोजकांचा फोन आला तेव्हा मी म्हटलं, अरे, आपल्या बॅचमध्ये चांगले तीन डॉक्टर आहेत, मी सॉफ्टवेअरवाली. उत्तर आलं, "डॉक्टर बोलले की लोक आपापले रिपोर्ट घेऊन उभे राहतात. तूच बोल." विषयही त्यांनीच दिला: सफरचंदाचे फायदे. कारण आपल्या ग्रुपवर वर्षभरात सुप्रभातच्या खालोखाल फिरलं ते सफरचंदच. उपाशीपोटी खा, रात्री खाऊ नका, रक्त वाढतं, हृदयाच्या नळ्या साफ होतात, त्याचं व्हिनेगर प्या. आमच्या कामात कोणी "हे चालतं" असं म्हणालं की आम्ही आधी विचारतो, कसं तपासलंत? तोच प्रश्न घेऊन मी सफरचंदाकडे गेले.

आपल्या लहानपणी घरात सफरचंद आलं की पहिला प्रश्न असायचा, कोण आजारी आहे? दवाखान्यात भेटायला जाताना कागदी पिशवीत चार सफरचंदं आणि एक नारळपाणी. पेशंटच्या उशाशी ती पिशवी असायची आणि खायचे मात्र आपण, भेटायला आलेले. हा मान त्याला मिळाला तो मुख्यतः अंतरामुळे. फळ यायचं काश्मीर-हिमाचलातून. हिमाचलच्या कोटगढ भागात सॅम्युएल स्टोक्स या अमेरिकेतून येऊन इथलेच झालेल्या गृहस्थांनी १९१६ च्या सुमारास अमेरिकन जातीची कलमं लावली आणि तिथला व्यापारी सफरचंदाचा धंदा उभा राहिला. तिथून ट्रकने आपल्यापर्यंत येईतो त्याची किंमत चढलेली असायची. दुरून येतं, महाग आहे, म्हणजे गुणकारी असणार, असा आपला सरळ हिशोब.

आता आकडे पाहू. १०० ग्रॅम सफरचंदात जवळजवळ ८६ ग्रॅम पाणी असतं. साखर साधारण १० ग्रॅम, तंतुमय भाग अडीच ग्रॅमच्या आसपास, क जीवनसत्त्व जेमतेम ५ मिलिग्रॅम, उष्मांक पन्नासेक. आणि ज्याच्यासाठी आपल्या आयांनी ते आपल्याला खाऊ घातलं ते लोह फार तर पाव मिलिग्रॅम. आपल्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीप्रमाणे प्रौढ स्त्रीला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह लागतं. सफरचंदातून ते मिळवायचं तर दिवसभरात अकरा-बारा किलो खावी लागतील. कापल्यावर फोड तांबूस होते, म्हणून त्यात लोह, असं आपण ऐकत आलो. तो रंग लोखंडाच्या गंजाचा नाही. फोडीतली पॉलिफेनॉल नावाची द्रव्यं आणि एक एन्झाइम हवेतल्या ऑक्सिजनला भेटले की तसं होतं. वांगं चिरून ठेवलं की काळं पडतं, त्याच जातीचा प्रकार. मैत्रिणींनो, हे मी तुमच्यासाठी मुद्दाम सांगते. हिमोग्लोबिन नऊवर आलेलं असताना रोज एक सफरचंद खाऊन "मी काळजी घेते आहे" असं समजणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. त्यांना तपासणी हवी, डॉक्टरांनी दिलेली गोळी हवी, ताटात बाजरी, डाळी, अळीव, पालेभाजी हवी आणि त्यावर लिंबू पिळलेलं हवं. कारण क जीवनसत्त्वामुळे धान्या-भाज्यांतलं लोह जास्त शोषलं जातं.

मग सफरचंदात आहे काय? मला स्वतःला सगळ्यात आवडलेला पुरावा जुना आहे, १९७७ सालचा, 'लॅन्सेट'मध्ये छापलेला. ब्रिस्टॉलच्या डॉक्टरांनी १० निरोगी माणसं घेतली. त्यांना वेगवेगळ्या दिवशी सफरचंद तीन रूपांत दिलं: अख्खं, गर करून आणि रस काढून. तिन्ही वेळा पोटात जाणारी साखर सारखीच. म्हणजे बाकी सगळं तेच ठेवून एकच गोष्ट बदलायची. आम्ही प्रोग्राममधली चूक शोधतो तीही अशीच. रस हा अख्ख्या फळापेक्षा अकरापट वेगाने पोटात गेला. पोट भरल्याची भावना अख्ख्या फळाने सगळ्यात जास्त, गराने कमी, रसाने सगळ्यात कमी. रक्तातली साखर सुरुवातीला तिन्ही वेळा साधारण सारखीच चढली, पण रसानंतर इन्सुलिन जास्त उसळलं आणि मग साखर झपकन खाली आली. अशी साखर खाली आली की आपल्याला परत भूक लागते आणि हात फरसाणाच्या डब्याकडे जातो.

फळ तेच, साखर तेवढीच. फरक पडला तो दातांनी चावण्याने आणि चोथ्याने. ज्या चोथ्याला आपण नावं ठेवतो, गाळून फेकून देतो, तो या फळातला कामाचा भाग आहे. त्यात पेक्टिन असतं. घरी जॅम केला असेल तर तुम्हाला ते माहीत आहे, जॅमला घट्टपणा त्यामुळेच येतो. पोटात गेल्यावर ते तसंच काहीसं करतं: अन्न दाटसर ठेवतं, साखर रक्तात हळूहळू उतरू देतं आणि पुढे मोठ्या आतड्यातल्या चांगल्या जिवाणूंचं खाद्य होतं. पॉलिफेनॉलांचा मोठा वाटा सालीत आणि सालीलगत असतो. म्हणून धुऊन, चोळून, सालीसकट. चकचकीत फळावर मेणाचा हात असतो. खाण्याजोगं मेण लावायला परवानगी आहे, पण कोमट पाण्यात चोळून धुवायला कष्ट कसले?

इथे बसलेल्या निम्म्या लोकांच्या खिशात गेल्या वर्षभरातला एचबीए१सी चा आकडा आहे, मला माहीत आहे. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीत भारतात १० कोटींच्या वर मधुमेही आणि साडेतेरा कोटींच्या वर उंबरठ्यावरचे लोक असल्याचा अंदाज आला. या उंबरठ्यावर आलं की आपल्याकडे काय होतं? माझ्या एका नातेवाईकांनी सगळी फळं बंद केली, "गोड असतात ना." चहातली साखर दीड चमचा, ती चालू. सकाळी मात्र कोणी तरी सांगितलं म्हणून सफरचंद-बीट-गाजराचा गाळलेला रस, मोठा ग्लास भरून. फळ सोडून फळाची साखर तेवढी ठेवली! एका ग्लास सफरचंदाच्या रसात २५ ग्रॅमच्या आसपास साखर असते, पाच-सहा चमचे, आणि चोथा जवळजवळ शून्य. अमेरिकेतल्या १ लाख ८७ हजार लोकांच्या अनेक वर्षांच्या नोंदींवरून २०१३ साली असं दिसलं की अख्खी सफरचंदं, द्राक्षं, ब्लूबेरी जास्त खाणाऱ्यांना मधुमेह कमी झाला आणि रस जास्त पिणाऱ्यांना जास्त. या नोंदी आहेत, प्रयोग नव्हे. सफरचंद खाणारा माणूस इतरही चार गोष्टी नीट करत असेल. पण १९७७ चा तो छोटा प्रयोग आणि हे मोठं रजिस्टर एकाच दिशेला बोट दाखवतात, म्हणून माझा त्यावर विश्वास बसतो. मधुमेह असला तरी साधारण एक मध्यम फळ चालतं. पण जेवणावर जेवण म्हणून नको, आणि तुमच्या डॉक्टरांना विचारून.

कोलेस्टेरॉलचंही पटकन सांगते. २०२० साली छापलेल्या एका प्रयोगात कोलेस्टेरॉल थोडं वाढलेल्या ४० जणांना आठ आठवडे रोज दोन सफरचंदं दिली आणि तुलनेसाठी तेवढ्याच साखरेचं पेय दिलं. वाईट कोलेस्टेरॉल सुमारे चार टक्क्यांनी कमी भरलं. खरा, पण लहान फायदा. त्यावर विसंबून गोळी बंद करायची नाही, हे मागच्या रांगेतल्या ज्यांना लागू आहे त्यांनी ऐकलं असेलच. आणि व्हिनेगर: वजन भराभर उतरतं असं सांगणारा २०२४ चा लेबनॉनमधला जो अभ्यास जगभर गाजला, तो ज्या नियतकालिकाने छापला त्यांनीच नंतर मागे घेतला. ग्रुपवर ती बातमी काही कोणी पाठवली नाही.

रोज एक सफरचंद खा आणि डॉक्टरला दूर ठेवा, ही इंग्रजी म्हणही एकाने तपासली आहे बरं का. मूळ म्हण वेल्समधली, १८६६ साली छापलेली सापडते. अमेरिकेतल्या सुमारे ८,४०० प्रौढांच्या माहितीवरून २०१५ साली संशोधकांनी पाहिलं, तर इतर बाबी हिशोबात घेतल्यावर डॉक्टरकडे जाण्यात फरक उरला नाही. औषधं मात्र सफरचंद खाणाऱ्यांना किंचित कमी लागत होती.

आता खरा मुद्दा. आपल्या बॅचच्या निधीतून वसतिगृहातल्या साठ मुलांना आठवड्यातून दोनदा सफरचंद द्यायचं, असा प्रस्ताव आज दुपारी मतदानाला येणार आहे. कल्पना फार चांगली आहे. फळ बदला, एवढंच माझं म्हणणं. काल मी आपल्या बाजारात विचारलं: सफरचंद १८० रुपये किलो, राहात्याचा पेरू ६० रुपये. १०० ग्रॅम पेरूत क जीवनसत्त्व २०० मिलिग्रॅमच्या वर, म्हणजे सफरचंदाच्या चाळीसपट, आणि चोथा दुपटीहून जास्त. सालीसकट खायचं, चावून खायचं, रस कोणी काढत नाही. सफरचंदाचे जे खरे गुण आज सांगितले ते सगळे त्यात आहेत, शिवाय वरचे आणखी. मधल्या सुट्टीत फाटकाशी तिखट-मीठ लावून पेरूच्या फोडी विकणाऱ्या मावशींना आपल्याला उठवून लावायला सांगायचे, घसा धरेल म्हणून. बाई, तुम्हीच सांगायचात!

मुलाला १०० ग्रॅम धरलं तर एका वेळी ६ किलो. सफरचंदाला १,०८० रुपये, पेरूला ३६०. म्हणजे दोनदाच्या पैशांत आठवड्याचे सहा दिवस फळ देता येतं. पोषण संस्थेची शिफारसही रोज १०० ग्रॅम फळाची आहे. पेरूचा हंगाम संपला की केळी, चिकू, कलिंगड, आंबा. सफरचंद वर्षातून एकदा सहामाही संपल्यावर द्या, मुलांना अप्रूप असतं, ते मला चांगलं आठवतं.

गुरुजनांसाठी दोन गोष्टी. कवळीने चावणं होत नसेल तर फोडी वाफवून मऊ करून घ्या. रसापेक्षा तेही बरं. सफरचंद खाऊन पोट फुगत असेल तर त्यातली फळसाखर आणि सॉर्बिटॉल काहींना सोसत नाही. तुमचं काही चुकत नाही, दुसरं फळ खा. आणि मूत्रपिंडाच्या आजारात पोटॅशियम कमी म्हणून बहुधा सफरचंदच सुचवतात, पेरू नव्हे. तिथे मी माघार घेते.

खजिनदारांना हिशोबाचा कागद मी दिलेला आहे. पेरूवाल्याचा नंबरही त्यावर आहे, तो सकाळी सातपर्यंत शाळेत पोचवायला तयार आहे. मतदान अडीचला आहे, जेवणानंतर पांगू नका.