लूत लागलेल्या पिलावर सौम्य उपचार



पावसाळ्याचे चार महिने मावळ तालुक्यात माणसांच्या प्रकृतीची जशी कसोटी पाहतात, तशीच ती मुक्या जनावरांचीही पाहतात. लोणावळा-खंडाळ्याच्या घाटमाथ्यावर वर्षाकाठी सरासरी चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो. आंदर मावळ, नाणे मावळ आणि पवन मावळ या तिन्ही खोऱ्यांत या दिवसांत आठवडा-आठवडा ऊन दिसत नाही. गोठ्यातील गाईगुरांची काळजी शेतकरी घेतोच, कारण त्यांच्यावर त्याचा संसार चालतो. परंतु पडवीच्या कोपऱ्यात, मालक नसलेल्या बंगल्याच्या आवारात किंवा रस्त्याकडेच्या टपरीखाली वाढणाऱ्या कुत्र्याच्या पिलाकडे लक्ष जाते, ते त्याचे केस झडून कातडी उघडी पडल्यावरच. ‘याला लूत लागली’ असे लोक म्हणतात. मग कोणी त्याला हाकलून देतो, तर कोणी कळवळ्याने हाती लागेल ते औषध त्याच्या अंगाला चोपडतो. या दोन्ही मार्गांनी पिलू दगावण्याचा संभव असतो. त्याला वाचविणारा तिसरा, सौम्य मार्ग कोणता, याचा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. स्वयंपाकघरातील किंवा झाडपाल्याचे ते सौम्य आणि दवाखान्यातील ते जहाल, अशी सरळ विभागणी करता येत नाही. औषधाचा सौम्यपणा त्याच्या नावात नसतो. रोगाचे अचूक निदान, पिलाचे वय आणि वजन, व त्यानुसार ठरविलेली मात्रा या तीन गोष्टींवर तो अवलंबून असतो.

लुतीचे दोन प्रकार

ज्याला आपण सरसकट लूत म्हणतो, ते मुख्यतः दोन निराळे रोग आहेत. दोन्हींचे कारण कोळी व गोचीड यांच्या वर्गातील, नुसत्या डोळ्यांना सहजी न दिसणारा किडा हेच असले, तरी त्यांचे स्वभाव भिन्न आहेत.

पहिल्या प्रकारातील किडा ‘सार्कोप्टिस’ या नावाने ओळखला जातो. त्याची मादी कातडीत बोगदा खणून अंडी घालते. पिलाला असह्य खाज सुटते. ते रात्रंदिवस अंग खाजवते, त्याला झोप लागत नाही आणि खाण्यावरचे लक्ष उडते. कानांच्या कडा, कोपरे आणि पोट येथे रोगाची सुरुवात होते. हा रोग एका कुत्र्यापासून दुसऱ्यास झपाट्याने लागतो. पिलाला कुरवाळणाऱ्या मुलांच्या हातावर व पोटावरही पुरळ उठून खाज येऊ शकते. मात्र कुत्र्याच्या अंगावरील हा किडा माणसाच्या कातडीत आपली वीण वाढवू शकत नाही. पिलू बरे झाले की मुलांची खाजही बहुधा आपोआप थांबते. मावळच्या दृष्टीने लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट अशी, की उष्ण व कोरड्या हवेत हा किडा लवकर मरतो, परंतु थंड व दमट हवेत तो कुत्र्याच्या अंगाबाहेर, अंथरुणातही, कित्येक दिवस तग धरतो.

दुसऱ्या प्रकारातील ‘डेमोडेक्स’ हा किडा केसांच्या मुळाशी राहतो. जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत, दूध पिताना, तो आईच्या अंगावरून पिलाकडे येतो. निरोगी कुत्र्यांच्या अंगावरही तो अल्प संख्येने असतो व त्यांना काही अपाय करीत नाही. उपासमार, जंत किंवा जन्मजात दुर्बलता यांमुळे पिलाची प्रतिकारशक्ती उणी पडली, म्हणजे तो बेसुमार वाढतो. डोळ्यांभोवती, तोंडाजवळ व पुढच्या पायांवर केस गेलेले चट्टे दिसू लागतात. आरंभी खाज फारशी नसते. माणसाला या प्रकारापासून भय नाही.

हा भेद कळला म्हणजे उपचाराची दिशाही बदलते. डेमोडेक्सचे चार-दोन चट्टे असलेली बहुसंख्य पिले चांगले अन्न, जंताचे औषध आणि स्वच्छता एवढ्यावर काही आठवड्यांत आपोआप बरी होतात. तेथे किडा मारणाऱ्या जहाल औषधाची गरजच नसते. वाट पाहणे हाच सर्वांत सौम्य उपचार होय. उलट सार्कोप्टिसच्या बाबतीत वाट पाहणे म्हणजे पिलाचे हाल लांबविणे आणि शेजारच्या दहा कुत्र्यांना रोग देणे होय.

वरवर पाहून हा भेद नेहमीच कळत नाही. बुरशीमुळे होणारा गजकर्णही पुष्कळदा लुतीसारखाच दिसतो. म्हणून पशुवैद्य बोथट पात्याने कातडी हलकेच खरवडून, तेलाच्या थेंबात ती खरवड सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. ही तपासणी थोड्या वेळात होते. सार्कोप्टिसचा किडा एखाद्या वेळी खरवडीत सापडत नाही. अशा वेळी लक्षणांवरून निर्णय करावा लागतो.

कळवळ्यापोटी घडणारे अघोर उपाय

जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरील कोणत्याही गॅरेजात मिळणारे जळके ऑइल हा लुतीवरचा सर्वत्र सांगितला जाणारा उपाय आहे. तेलाचा थर बसल्याने काही किडे मरतात हे खरे. परंतु त्या तेलात यंत्राच्या झिजेतून आलेले धातूंचे कण व इतर विषारी द्रव्ये असतात. पिलू अंग चाटते, त्याबरोबर ती पोटात जातात. खरचटलेल्या कातडीतूनही भिनतात. यकृत व मूत्रपिंडांवर त्यांचा आघात होतो. रॉकेलने कातडी भाजते, आणि ते चाटताना श्वासनलिकेत गेल्यास फुफ्फुसाला सूज येते. फिनाईल तर त्याहून वाईट.

पूर्वी गोठ्यांतून सर्रास वापरल्या जाणाऱ्या गॅमेक्झिनच्या पुडीबाबतही हेच म्हणता येईल. तिच्यातील क्रियाशील द्रव्याच्या, म्हणजे लिंडेनच्या, निर्मितीवर भारतात २०११ पासून आणि वापरावर २०१३ पासून बंदी आहे. कोणाच्या माळ्यावर जुना डबा पडून असेल, तर तो पिलासाठी उघडू नये.

कडुनिंब, हळद व करंजेल यांचे स्थान निराळे आहे. कडुनिंबाचा पाला व हळद यांचा लेप माणसांच्या खरजेवर लावून पाहण्याचा एक प्रयोग १९९२ साली प्रसिद्ध झाला. त्यातील ८१४ रुग्णांपैकी ९७ टक्के रुग्ण तीन ते पंधरा दिवसांत बरे झाल्याची नोंद आहे. ही गोष्ट आशादायक खरी; तथापि तो प्रयोग प्राथमिक स्वरूपाचा होता व माणसांवरचा होता. माणूस लेप चाटत नाही, पिलू चाटते. कडुनिंबाचे शुद्ध तेल पोटात गेल्याने लहान बालकांना गंभीर विषबाधा झाल्याच्या नोंदी वैद्यकशास्त्रात आहेत. त्यामुळे कडुनिंबाच्या पाल्याच्या कोमट पाण्याने अंग पुसणे ठीक. निव्वळ तेल अंगभर चोपडणे ठीक नव्हे. मुख्य उपचाराला पूरक एवढेच या उपायांचे स्थान समजावे.

गंधकापासून गोळीपर्यंत

खरजेचे कारण एक सूक्ष्म किडा आहे, हे इटलीतील बोनोमो व चेस्तोनी या दोघांनी १६८७ साली दाखवून दिले. त्याच्या कितीतरी आधीपासून गंधक हे कातडीच्या रोगांवरचे औषध म्हणून लोकांना ठाऊक होते. आजही अगदी लहान पिलांसाठी चुना व गंधक यांचे तयार द्रावण हा सर्वांत निर्धोक उपायांपैकी एक मानला जातो. पशुवैद्य सांगतील त्या प्रमाणात ते पाण्यात मिसळून आठवड्यातून एकदा अंगावर ओततात व न धुता तसेच वाळू देतात. त्याला सडक्या अंड्यासारखा वास येतो आणि पांढरे केस पिवळे पडतात. ही गैरसोय सोसण्याजोगी आहे. मात्र घरीच चुना आणि गंधक उकळून असे द्रावण करण्याच्या भरीस पडू नये.

गोचिडांसाठी गोठ्यात वापरले जाणारे अमिट्राझ कुत्र्यांच्या लुतीवरही चालते. परंतु चार महिन्यांखालील पिलांना ते देऊ नये. त्याने गुंगी येते, नाडी मंदावते आणि अंग गार पडते. लोणावळ्याच्या पावसात आधीच कुडकुडणाऱ्या पिलाला हे झेपणारे नाही.

१९८१ साली जनावरांसाठी उपलब्ध झालेल्या आयव्हरमेक्टिन या औषधाने या क्षेत्रात मोठा पालट घडविला. जपानमधील सातोशी ओमुरा यांनी मातीतून मिळविलेल्या एका सूक्ष्म जीवापासून ते निर्माण झाले. ओमुरा व त्यांच्याबरोबर काम करणारे विल्यम कॅम्बेल यांना २०१५ साली नोबेल पारितोषिकाने गौरविण्यात आले. त्यानंतरच्या काळात सहा आठवड्यांवरील पिलांच्या मानेवर ओतावयाचे सेलामेक्टिन आले. पुढे २०१४ च्या सुमारास फ्लुरालॅनर, अफॉक्सोलॅनर यांसारख्या चघळावयाच्या गोळ्या निघाल्या. या गोळ्या साधारणतः आठ आठवड्यांवरील व दोन किलोहून अधिक वजनाच्या पिलांना देता येतात आणि दोन्ही प्रकारच्या लुतीवर गुणकारी ठरल्या आहेत. ज्या कुत्र्याला फेपरे येते, त्याच्या बाबतीत मात्र त्या जपून वापराव्या लागतात. अंग न भिजविता, कातडी न भाजता रोग हटविणे आता शक्य झाले आहे. या गोळ्या स्वस्त नाहीत. परंतु वारंवारच्या स्नानांचा खर्च व श्रम जमेस धरले, तर अंतर फारसे उरत नाही.

थेंबाचा हिशेब

उत्तम औषधही मात्रा चुकली तर विष बनते. गुरांसाठी मिळणाऱ्या आयव्हरमेक्टिनच्या एक टक्का इंजेक्शनात दर मिलिलिटरला दहा मिलिग्रॅम औषध असते. सार्कोप्टिसच्या लुतीसाठी कुत्र्याला दर किलो वजनामागे साधारणतः ०.२ मिलिग्रॅम मात्रा धरतात. म्हणजे दोन किलोच्या पिलाला ०.४ मिलिग्रॅम, अर्थात ०.०४ मिलिलिटर औषध लागते. हे प्रमाण एका थेंबाहूनही कमी आहे. गोठ्यातील बाटलीतून अंदाजाने अर्धा मिलिलिटर टोचणारा माणूस त्या पिलाला बारा पटींहून अधिक मात्रा देत असतो. मग बाहुल्या विस्फारतात, पिलू झोकांड्या खाते, लाळ गाळते आणि बेशुद्ध पडते. या विषबाधेवर नेमका उतारा नाही.

कोली व तत्सम मेंढपाळी जातींच्या अनेक कुत्र्यांत हे औषध मेंदूत शिरू न देणारी नैसर्गिक व्यवस्थाच सदोष असते, हे २००१ साली निष्पन्न झाले. लोणावळ्याच्या बंगल्यांतून परदेशी जातीची कुत्री पाळली जातात आणि त्यांचा संकर गावातील कुत्र्यांशी होत असतो. तेव्हा ‘आमच्या कुत्र्याला चालले, तुमच्याही चालेल’ हा सल्ला धोक्याचा आहे.

खाज तात्काळ थांबविणाऱ्या स्टिरॉइडच्या इंजेक्शनाबाबतही सावध राहावे. त्याने प्रतिकारशक्ती दडपली जाऊन डेमोडेक्सचा रोग अधिकच भडकतो.

घरची शुश्रूषा

औषध दवाखान्यातून येते. पिलू बरे होते ते घरी. प्रथम त्याचे वजन करावे. घरातील एकाने पिलाला घेऊन काट्यावर उभे राहावे, मग एकट्याने. दोहोंतील फरक ते पिलाचे वजन. अंग धुवावयाचे झाल्यास कोमट पाणी वापरावे आणि लगेच कोरड्या फडक्याने पुसून चुलीच्या उबेत, परंतु निखाऱ्यापासून दूर ठेवावे. अंथरुणाचे गोणपाट उकळत्या पाण्यात धुवावे, भाताचा पेंढा वरचेवर बदलावा. गळ्याभोवती पुठ्ठ्याची पसरट चकती बांधली, म्हणजे पिलाला अंग चाटता येत नाही. पर्यटकांनी टाकलेल्या बिस्किटांनी पोट भरते, पोषण होत नाही. उकडलेले अंडे, मांसाचा तुकडा, डाळभात असे अन्न थोडे थोडे, दिवसातून तीन-चार वेळा द्यावे.

सार्कोप्टिसची लूत असल्यास त्या घरातील व सोबत राहणाऱ्या सर्व कुत्र्यांवर एकाच वेळी उपचार करावे लागतात. खाज थांबली म्हणून औषध मध्येच सोडू नये. अंड्यांतून नवे किडे बाहेर पडतात आणि महिन्याभरात रोग पुन्हा दिसतो. डेमोडेक्स अंगभर पसरला असेल, तर उपचार काही महिने चालतात, व खरवड दोन वेळा निर्दोष आल्यावरच ते थांबवितात. अशा कुत्र्यापासून पुढे वीण घेऊ नये.

भटक्या पिलाला हाताळताना हात झाकलेले असावेत. ते चावल्यास किंवा त्याचे नख लागल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी रेबीजची लस घेण्यासाठी आरोग्य केंद्रात जावे. पिलू तीन महिन्यांचे झाले की त्यालाही ही लस टोचून घ्यावी.

कर्तव्य आणि साधने

सजीव प्राण्यांविषयी दयाबुद्धी बाळगणे हे प्रत्येक नागरिकाचे मूलभूत कर्तव्य म्हणून १९७६ साली राज्यघटनेत नमूद झाले. त्यापूर्वीच १९६० च्या कायद्याने प्राण्यांना क्रूरपणे वागविणे हा गुन्हा ठरविला होता. परंतु ज्ञानाची जोड नसलेली दयासुद्धा पिलाच्या अंगावर जळके ऑइल ओतते, हे विसरून चालणार नाही. ते ज्ञान देणाऱ्या संस्था महाराष्ट्रात आहेत. परळचे पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासून पशुवैद्य घडवीत आले आहे. पुणे-सातारा मार्गावर शिरवळ येथेही असे महाविद्यालय आहे. तालुक्यात शासनाचे व जिल्हा परिषदेचे पशुवैद्यकीय दवाखाने आहेत. गाय आजारी पडली म्हणजे शेतकरी तेथे जातो. त्याच फेरीत केस झडलेले पिलू टोपलीत घालून न्यावे, त्याची खरवड तपासून घ्यावी आणि वजन सांगून मात्रा लिहून घ्यावी. जळक्या ऑइलचा डबा गॅरेजातच राहू द्यावा.