दप्तराला नाव देण्याची शिस्त आणि मॅक्रो

(जळगाव जामोद तालुक्यातील प्राथमिक शिक्षक व मुख्याध्यापक यांच्यापुढील भाषण)



जळगाव या नावाचे गाव खानदेशात आहे, तसेच वऱ्हाडातही आहे. दोहोंची गल्लत होऊ नये म्हणून वऱ्हाडातील जळगावच्या पुढे शेजारच्या जामोद गावाचे नाव जोडले गेले आणि जळगाव जामोद हे जोडनाव रूढ झाले. पत्र योग्य ठिकाणी पोहोचावे, माणूस योग्य गावी उतरावा, एवढाच त्यामागील हेतू. दप्तराच्या शिस्तीचा पहिला धडाही हाच आहे. नाव असे असावे की ते वाचताच वस्तू ओळखू यावी व दुसऱ्या कशाशी तिचा घोटाळा होऊ नये.

पूर्वी कचेरीतील कागद कापडी रुमालात बांधून ठेवीत. पुण्याच्या पेशवे दप्तरातील असे हजारो रुमाल आजही जतन केलेले आहेत व त्यांतून निवडलेले कागद १९३० नंतरच्या काही वर्षांत ४५ खंडांत प्रसिद्ध झाले. कागद टिकला तरी तो सापडला पाहिजे, आणि तो सापडतो तो रुमालावरील खुणेमुळे. आजच्या शाळेचे दप्तर बऱ्याच अंशी संगणकात गेले आहे. रुमालाची जागा फोल्डरने व कागदाची जागा फाइलने घेतली. परंतु खूण लिहिण्याची सवय मात्र पुष्कळ ठिकाणी मागेच राहिली.

एखाद्या शाळेचा संगणक उघडून पाहावा. ‘निकाल’, ‘निकाल नवीन’, ‘निकाल फायनल’, ‘निकाल फायनल २’ अशा फाइली एकापुढे एक मांडलेल्या दिसतात. यांतील खरा निकाल कोणता, हे ती फाइल करणाऱ्या शिक्षकास चार महिने आठवते. त्याची बदली झाली म्हणजे ते ज्ञान त्याच्याबरोबर जाते. केंद्रप्रमुखाकडे बारा शाळांतून ‘निकाल’ याच नावाच्या बारा फाइली आल्या व एकाच फोल्डरमध्ये ठेवल्या, तर दुसरी पहिलीस पुसून टाकते, तिसरी दुसरीस पुसते. शेवटी हाती एकच फाइल उरते.

हा केवळ कारकुनी त्रास आहे असे कोणी समजू नये. कामासाठी कुटुंब परजिल्ह्यात गेले म्हणजे मुलाला नव्या शाळेत नाव घालावे लागते. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याच्या कलम ५ प्रमाणे मुख्याध्यापकाने बदलीचा दाखला तत्काळ दिला पाहिजे, आणि दाखल्यास उशीर झाला म्हणून नव्या शाळेने प्रवेश नाकारता कामा नये. कायदा मुलाच्या बाजूने उभा आहे. परंतु त्याची हजेरी, त्याचे गुण, त्याच्या वाचनाची प्रगती या नोंदी पुसल्या गेल्या असतील, तर नवा शिक्षक त्याला कोठून शिकवू लागणार? ते मूल पुन्हा पहिल्या पायरीवर बसविले जाते. फाइल हरवते शाळेची, वर्ष बुडते मुलाचे.

यावर उपाय म्हणून मॅक्रोचा विचार करावयाचा आहे. मॅक्रो म्हणजे क्रमाने करावयाच्या कृतींची एकदा लिहून ठेवलेली आज्ञावली. व्हिसिकॅल्क ही वैयक्तिक संगणकावरील पहिली स्प्रेडशीट १९७९ साली निघाली. १९८३ च्या लोटस १-२-३ मध्ये मॅक्रोची सोय होती, आणि १९९३ साली एक्सेलमध्ये व्हिज्युअल बेसिक ही भाषा आली. तेव्हापासून सामान्य लेखनिकालाही आपल्या कामापुरती आज्ञावली लिहिता येऊ लागली. फाइलला ठरावीक रीतीने नाव देणे व ती ठरलेल्या जागी जतन करणे, हे काम मॅक्रोकडून बिनचूक होऊ शकते; कारण त्यात बुद्धी कमी व सातत्य अधिक लागते.

परंतु मॅक्रो लिहिण्यापूर्वी नावाचा आराखडा ठरवावा लागतो. शाळेचे नाव पुरेसे नाही. ‘जिल्हा परिषद मराठी प्राथमिक शाळा’ हे शब्द गावोगावी तेच आहेत. त्यासाठी यूडायस संकेतांक उपयोगी पडतो. तो ११ अंकी असतो. त्यातील पहिले २ अंक राज्याचे, पुढचे २ जिल्ह्याचे, त्यापुढील २ तालुक्याचे, मग ३ गावाचे व शेवटचे २ शाळेचे. महाराष्ट्राचा अंक २७ व बुलढाणा जिल्ह्याचा ०४, म्हणून या जिल्ह्यातील शाळांचा संकेतांक २७०४ ने सुरू होतो. त्यापुढे इयत्ता, नंतर कागदाचा प्रकार व शेवटी दिनांक, असा चार भागांचा क्रम पुरे आहे. भागांच्या मध्ये अधोरेषा घालावी.

येथे चार बारकावे ध्यानात ठेवावेत. पहिला दिनांकाचा. दिवस प्रथम लिहिला तर संगणक सर्व महिन्यांच्या १ तारखा एकत्र मांडतो. वर्ष, महिना, दिवस या क्रमाने २०२६-०४-३० असे लिहिले, म्हणजे फाइली आपोआप कालक्रमाने लागतात. दुसरा चिन्हांचा. विंडोजमध्ये फाइलच्या नावात ९ चिन्हे चालत नाहीत: तिरपी रेघ, उलटी तिरपी रेघ, अपूर्णविराम, तारांकन, प्रश्नचिन्ह, दुहेरी अवतरणचिन्ह, दोन्ही कोनी कंस व उभी रेघ. ‘५/अ’ किंवा ‘३०/४/२०२६’ असे लिहिताच जतन करण्याचे काम अडते ते याच कारणाने. तिसरा शून्याचा. इयत्ता २ ही ०२ अशी न लिहिल्यास इयत्ता १० ची फाइल इयत्ता २ च्या आधी लागण्याचा संभव असतो. आणि ०२ टिकावे यासाठी तो रकाना मजकूर म्हणून नेमून द्यावा लागतो. चौथा लिपीचा. देवनागरी ५ व रोमन पद्धतीचा पाच हे माणसाला एक, पण संगणकाला दोन भिन्न अंक आहेत. त्यातच एक्सेलच्या मॅक्रो लिहिण्याच्या खिडकीत देवनागरी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे उमटतात, आणि प्रश्नचिन्ह तर नावात निषिद्ध. म्हणून फाइलच्या नावापुरती रोमन अक्षरे व रोमन पद्धतीचे अंक वापरावेत. फाइलच्या आतील मजकूर मराठीतच राहावा. त्यास कोणतीही आडकाठी नाही.

आता मॅक्रोच्या कामाचा क्रम पाहू. पहिल्या पानावर चार ठरावीक चौकटींत संकेतांक, इयत्ता, प्रकार व दिनांक भरलेले असतात. मॅक्रो प्रथम या चौकटी वाचतो. एखादी रिकामी असेल तर सूचना देऊन तेथेच थांबतो. नंतर मागचीपुढची मोकळी जागा छाटतो, निषिद्ध चिन्हे काढतो, दिनांक ठरलेल्या क्रमात मांडतो आणि चारही भाग जोडून नाव तयार करतो. मग त्या शैक्षणिक वर्षाचे फोल्डर आहे की नाही हे पाहतो. नसल्यास तयार करतो. त्यानंतर त्या नावाची फाइल तेथे आधीच आहे काय, हे तपासतो. असल्यास नावापुढे ०२, ०३ असा क्रमांक लावतो. शेवटी प्रत जतन करतो व जावक नोंदवहीप्रमाणे एका पानावर नाव, दिनांक व वेळ यांची एक ओळ लिहितो.

या सर्वांत ‘आधीच आहे काय’ हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. ‘सेव्ह अ‍ॅज’ ही आज्ञा जुनी फाइल पुसण्यापूर्वी विचारणा करते. परंतु त्रास नको म्हणून पुष्कळ जण मॅक्रोमध्ये सूचना बंद करण्याची ओळ घालतात. मग ती मुकाट्याने पुसते. ‘सेव्ह कॉपी अ‍ॅज’ ही दुसरी आज्ञा मूळ फाइल उघडी ठेवून वेगळी प्रत करते, म्हणून ती कोऱ्या नमुन्यासाठी सोयीची. पण ती तर कधीच विचारणा करीत नाही. एकदा पुसलेली फाइल मागे घेण्याची कळ दाबून परत येत नाही. हाताने होणारी चूक एका फाइलची असते. मॅक्रोची चूक एका दमात शंभर फाइलींची असते. यास्तव नवा मॅक्रो प्रथम खोट्या माहितीवर, वेगळ्या फोल्डरमध्ये चालवून पाहावा.

सुरक्षिततेचेही भान हवे. १९९९ च्या मार्च महिन्यात मेलिसा नावाचा विषाणू वर्डच्या मॅक्रोतूनच ई-मेलद्वारे जगभर पसरला. मॅक्रो फाइली जतन करू शकतो, तसा तो त्या नष्टही करू शकतो. त्यामुळेच इंटरनेटवरून आलेल्या फाइलींतील मॅक्रो मायक्रोसॉफ्टने २०२२ पासून आपण होऊन रोखण्यास आरंभ केला. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली अनोळखी फाइल केवळ सोयीची म्हणून उघडून तिचा मॅक्रो सुरू करू नये. तसेच फाइलच्या नावात मुलाचे नाव वा आधार क्रमांक घालू नये. नाव हे पाकिटाच्या बाहेरचे लेखन आहे, ते कोणीही वाचतो.

ज्या शाळेत केवळ भ्रमणध्वनी आहे, तेथे हा मॅक्रो चालणार नाही. एक्सेलच्या भ्रमणध्वनीवरील आवृत्तीत ती सोय नाही. लिबरऑफिस विनामूल्य मिळते, पण एक्सेलसाठी लिहिलेला प्रत्येक मॅक्रो त्यात जसाच्या तसा चालेल असे नाही. अशा ठिकाणी निराश होण्याचे कारण नाही. चार चौकटी जोडून नाव तयार करणारे साधे सूत्र एका चौकटीत लिहावे व तेच नाव फाइल जतन करताना उतरवावे. शिस्त तीच राहते, फक्त शेवटचा हात माणसाचा असतो.

प्रत्येक केंद्राने एका बैठकीत नावाचा आराखडा ठरवावा व तो कागदावर लिहून शाळेत लावावा. संगणकाची जाण असलेल्या एका शिक्षकाने मॅक्रो तयार करावा व दुसऱ्याने तो तपासावा. तो कसा चालतो हे मराठीत अर्ध्या पानावर लिहून ठेवावे, म्हणजे बदलीनंतर काम अडणार नाही. मॅक्रोमुळे ‘एक्सएलएसएम’ प्रकारची फाइल होते. ‘एक्सएलएसएक्स’ प्रकारात मॅक्रो राहत नाही, हेही त्यात नमूद करावे. दर शनिवारी वर्षाच्या फोल्डरची एक प्रत संगणकाबाहेर ठेवावी. आणि छापील निकालपत्रकावर सही करण्यापूर्वी मुख्याध्यापकाने आतील आकडे स्वतः वाचावेत. कारण मॅक्रो नाव बरोबर घालील, परंतु आत लिहिलेला गुण खरा आहे की नाही, हे त्याला कळत नाही. ते वर्गात मुलासमोर बसणाऱ्या शिक्षकालाच कळते.